आक्काची डाळ

माझ्याकडे मण्यांचा एक डबा आहे. डबा श्रीखंडाचा, आत वीस पुड्या, प्रत्येक पुडीत वेगळ्या रंगाचे मणी. बारावीच्या वर्गात प्रथिनांचा धडा आला की तो डबा पिशवीत घालून मी कॉलेजात जाते. चार पोरींना पुढं बोलावते, त्यांच्या हातात दोरा देते आणि रंगांची एक चिठ्ठी देते: लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, जांभळा, निळा, असं बरंच पुढं. चिठ्ठीत आहे त्याच क्रमानं ओवायचं, मधला रंग गाळायचा नाही. पोरी भराभर ओवतात आणि पाचव्या मण्यापाशी थांबतात, कारण जांभळ्याची पुडी मी आधीच काढून पर्समध्ये ठेवलेली असते.

मग निळा घाला की, मी म्हणते. चिठ्ठीत तसं नाही, पोरी म्हणतात. लाल तर मूठभर उरलेत, मी म्हणते. त्यांचा काय उपयोग, पोरी म्हणतात. इथं मी फळ्याकडे वळते आणि माझं ठरलेलं भाषण सुरू करते. प्रथिन म्हणजे हीच माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. शरीरही तुमच्यासारखंच हट्टी, एका मण्यासाठी अख्खी माळ अडवून ठेवतं, आणि उरलेले मणी साठवूनही ठेवत नाही, मोडून टाकतं. विसातले काही मणी शरीर स्वतः घडवतं. नऊ मात्र त्याला घडवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. वर्गात कुजबुज होते, कधीकधी टाळ्याही पडतात. मला टाळ्या आवडतात, हे आत्ताच सांगून टाकते.

तो जांभळा मणी म्हणजे ट्रिप्टोफॅन. अन्नात तो फार थोडा सापडतो, म्हणून माझ्या पुडीतही मोजकेच आहेत. त्याच्यापासून शरीर नायासिन नावाचं जीवनसत्त्व बनवतं. दोन्ही कमी पडली की पेलाग्रा नावाचा आजार होतो. आधी कातडी बिघडते, मग पोट, मग डोकं. ‘कातडी, पोट, डोकं’ हे मी वर्गाकडून तीनदा म्हणून घेते, कारण त्यावर एका मार्काचा प्रश्न येऊ शकतो. आपल्याकडे हा आजार आता कुठं दिसतोय, असंही वर सांगते. म्हणजे सांगायचे.

माझी आक्का गावाकडे, पिशोरला असते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि तेव्हापासून मका, अद्रक, गुरं आणि माणसं यांच्यात ती उभीच आहे. मी शिकले, एम.एस्सी. झाले, शहरात उस्मानपुऱ्यात घर केलं. घराण्यात एवढं शिकलेली मी पहिली, त्यामुळे पिशोरहून मला काहीही विचारलं जातं. अद्रकीला कुठलं औषध मारायचं, नातीला कुठल्या शाखेला घालायचं, टीव्हीवर सांगतात तो काढा प्यायचा का. मला यातलं निम्मं येत नाही. तरी मी उत्तर देते, आणि ठासून देते. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी पिशोरला कधी म्हटलेलं नव्हतं.

आणि आक्का माझं नुसतं ऐकून घेत नाही, ती ते पाळते. एकदा मी सहज म्हणाले होते की ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट शिजवू नये. पुढच्या खेपेला गेले तर तिच्या घरातलं ॲल्युमिनियम सगळं बाहेर, कोंबड्यांना पाणी प्यायला. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात आक्काच्या सुनेनं मला एका रिपोर्टचा फोटो पाठवला. आक्काचे गुडघे दुखत होते म्हणून रक्त तपासलं होतं. युरिक ॲसिड हवं त्यापेक्षा जरा वर होतं. कॉलेजची मधली सुट्टी चालू होती, मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. डाव्या हातानं फोन धरला, उजव्या हातानं घास तोंडात घातला आणि व्हॉइस मेसेज पाठवला. आक्का, युरिक ॲसिड वाढलंय. डाळी सगळ्या बंद. शेंगदाणे बंद, मटण-अंडी बंद. गव्हाची पोळी नको, ज्वारीची भाकरीच खा. दूधही बंदच कर. भाजी, ठेचा चालेल. ठेवते, बेल झाली.

चौतीस सेकंदांचा मेसेज. किती दिवस ते सांगितलं नाही. डॉक्टरला दाखव असंही म्हणाले नाही. डाळी बंद हे मी कुठं वाचलं होतं म्हणून सांगितलं? कुठंच नाही. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी नवऱ्याला कुणीतरी सांगितलेलं माझ्या कानावर होतं, तेवढंच. दूध का बंद केलं ते तर मला आजही आठवत नाही, बोलण्याच्या ओघात आलं. नंतर बसून वाचलं तेव्हा कळलं की डाळींनी युरिक ॲसिडवाल्यांचं तसं काही बिघडत नाही, आणि दूध तर त्यांना चांगलंच. म्हणजे मटण सोडलं तर चौतीस सेकंदांत धड असं काहीच नव्हतं. घंटा झाली, मी हात धुतले, वर्गात गेले आणि विसरले.

आक्का विसरली नाही. डिसेंबरात माझ्या दिराच्या मुलीचं लग्न होतं, त्याला ती आली. पंगतीत माझ्या शेजारी बसली. वाढप्यानं वरण-भात आणला तर तिनं ताटावर आडवा हात धरला, पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली, कागदातला ठेचा काढला आणि खाली मान घालून जेवायला लागली. मी पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि काय केलं, तर सासरच्या बायकांना हाक मारून दाखवलं. बघा, म्हटलं, याला म्हणतात पथ्य, नाहीतर तुम्ही, डॉक्टरनं साखर बंद केली तरी जिलेबीवर हात मारता. बायका हसल्या. आक्का लाजली आणि तिला बरंही वाटलं. ती बारीक झाली होती. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाली, तसेच हायेत. मी म्हणाले, वजन उतरलंय, आता हळूहळू फरक पडेल.

तिथं मला थांबवता आलं असतं. पाच महिने झाले होते आणि ती माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती. जुलैत मी बेफिकीर होते, पण डिसेंबरात मी खूश होते, आणि मला जास्त लाज त्या डिसेंबरची वाटते.

एप्रिलात सुनेनं पुन्हा फोटो पाठवले. आक्काच्या दोन्ही हातांची वरची कातडी मनगटापर्यंत काळी पडून तडकली होती, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. गळ्याभोवतीही तसाच पट्टा. मी म्हटलं, हातांचं उन्हामुळे असणार, शेतात जाताना पूर्ण बाह्यांचं घाल. गळ्याचं पोतीमुळे असेल, हल्ली मण्यांच्या रंगाची ॲलर्जी येते. आणि मेडिकलमधून एक मलम घेऊन पिशोरच्या गाडीनं पाठवून दिलं. आक्कानं मलम लावलं आणि पोत काढली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत बाळंतपणातही तिनं गळा मोकळा ठेवलेला नव्हता. माझ्या एका वाक्यावर पोत देवापाशी ठेवली आणि गळ्यात हळदीचा दोरा बांधला.

मे महिन्यात सुनेचा फोन आला. आक्काला सारखे जुलाब होत होते, जीभ लालभडक झाली होती, ठेचा लागला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून आता ती कोरी भाकरी पाण्यात बुडवून खात होती. मी ओआरएस द्यायला सांगितलं. येत्या रविवारी येते म्हणाले. त्या रविवारी आमच्या भागात आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं होतं, टाकी भरायला घरी कुणीतरी हवं होतं. नवरा घरात होता. तरी मी गेले नाही, आणि पाण्याचं कारण सांगितलं. या शहरात पाण्याचं कारण सगळ्यांना पटतं.

मग एका दुपारी खुद्द आक्काचाच फोन आला. माझी मुलगी पुण्याहून कधी येणार, तिनं विचारलं. मी सांगितलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून तिनं पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी भडकले. आक्का, एकच प्रश्न कितीदा विचारशील, मला पेपर तपासायचेत. ती ‘बरं बाई’ म्हणाली, पण फोन तिला बंद करता येईना. तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला, मागं कुठंतरी शेळी ओरडली, आणि मग मीच फोन कापला.

कातडी, पोट, डोकं. ज्या क्रमानं मी मुलांकडून म्हणून घेते, त्याच क्रमानं ती तिन्ही माझ्या दारात आली, आणि मी तिघांनाही बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

जूनमध्ये सून तिला घेऊन शहरात आली. मला आधी न विचारता आली, हे तिचं शहाणपण. दारात आक्काला पाहिलं. साठीची बाई ऐंशीची दिसत होती. चप्पल काढायला वाकली आणि कशासाठी वाकलो हेच विसरून तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला सोबत घेऊन मी तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी हात पाहिले, उलटेपालटे केले, गळा पाहिला, जीभ पाहिली. मग आक्काला विचारलं, काल काय जेवलात. उत्तर मी द्यायला लागले. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि म्हणाले, त्यांना सांगू द्या.

"भाकरी," आक्का म्हणाली.

कशाची, कशाबरोबर, असं त्यांनी एकेक विचारलं. ज्वारीची. दोडक्याबरोबर. परवा? भाकरीच. डाळ?

"डाळ बंद हाय," आक्का म्हणाली. "माझ्या बहिणीनं बंद केली. वरीस होत आलं, एक डाव सुदीक मोडलं नाय."

ती हे अभिमानानं सांगत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज नीट लागला होता. बहीण डॉक्टर आहे का, त्यांनी विचारलं.

"नाय, कालेजात शिकवती. हेच शिकवती, खान्यातलं."

डॉक्टरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर पेलाग्रा हा शब्द लिहिला, खाली नायासिनच्या गोळ्या लिहिल्या, आणि त्याखाली मराठीत डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे असं लिहून कागद माझ्याकडे न देता सुनेकडे दिला.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मला सगळं आठवायला लागलं, वेळ गेल्यावर धडा आठवावा तसं. ज्वारीत ट्रिप्टोफॅन कमी असतं. ल्युसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल ज्वारीत भरपूर असतं, आणि त्याच्या जोरामुळे ट्रिप्टोफॅनच्या कामात अडथळा येतो असं मानतात. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांना दख्खनमध्ये हा आजार व्हायचा, हे माझ्या जुन्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ज्वारीची भाकरी वाईट नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती वरणाशी, पिठल्याशी, ताकाशी खाल्ली. ज्वारीत लायसिन कमी, ते डाळीत असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारीत. एका ताटात दोन्ही आली की नऊच्या नऊ मणी जमतात. कुणी न शिकवता जमलेलं ताट होतं ते. मी शिकून ते मोडलं.

घरी येऊन मी मुगाची खिचडी टाकली आणि सुनेवर ओरडले. रोज समोर बसून जेवणारी तू, तुला दिसलं नाही, कळलं नाही, एवढीही अक्कल नाही. ती बिचारी ताट धूत होती. म्हणाली, "मावशी, म्या दोनदा वरण वाढलं. त्यांनी ताट सारलं अन् तुमचा आवाज लावून दाखवला मला." मेसेज आक्कानं फोनमध्ये जपून ठेवलेला होता. कुणी आग्रह केला की ती तो लावायची. माझ्याच आवाजाच्या जोरावर तिनं दिवाळीचे लाडू नाकारले होते, संक्रांतीची तिळगुळाची पोळी नाकारली होती, आणि नवरा रागावला तेव्हा त्यालाही तो ऐकवला होता.

सून दोन दिवसांनी पिशोरला परतली, आक्का तीन आठवडे माझ्याकडे राहिली. गोळ्या आणि खाणं सुरू झाल्यावर चार दिवसांत जिभेची आग थांबली. जुलाब थांबले. दहा-बारा दिवसांत ती संध्याकाळी खाली जाऊन सोसायटीतल्या बायकांशी बोलायला लागली, आणि त्यांना सांगायला लागली की बहिणीनं मोठ्या डॉक्टरकडे नेलं म्हणून मी उठले. बायका मला जिन्यात गाठून म्हणायच्या, नशीब लागतं अशी बहीण मिळायला. मी काय करायचे? मी हसायचे. रोज ठरवायचे, आज आक्काला खरं सांगायचं, आणि रोज काहीतरी निघायचं.

एका दुपारी ती भुईमुगाच्या ओल्या शेंगा फोडत बसली होती. हातांची जुनी कातडी सोलून खालून नवी, गुलाबी निघत होती. त्या हातांकडे बघून मी बोलले. म्हटलं, आक्का, हा आजार तुला माझ्यामुळे झाला. डाळ मी बंद केली, दूध मी बंद केलं, आणि ते चूक होतं. मला माहीत नव्हतं तरी मी सांगितलं, आणि नंतर एकदाही विचारलं नाही. तू मरणाच्या दारात गेली होतीस आणि मला लग्नात तुझं कौतुक करायला सुचत होतं.

ती रडेल, रागावेल, निदान गप्प तरी बसेल असं मला वाटलं होतं. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि विचारलं, "मंग त्या बायांचं कसं करावं?"

कुठल्या बाया, मला कळेना. मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात तिच्या अंगणात गल्लीतल्या पाच-सहा बाया पापड लाटायला जमतात. त्यातल्या निम्म्यांचे गुडघे दुखतात. आक्कानं त्यांना माझा मेसेज ऐकवला होता. एकदा नाही, मागतील तेव्हा. उडदाचं पीठ मळता मळता त्या बायांनी उडीद सोडला होता, तूर सोडली होती. एकीची सून पोटुशी होती, तिच्या पायांवर सूज होती, म्हणून सासूनं तिचीही डाळ बंद केली होती. शहरातली बाई सांगते म्हटल्यावर कोण विचारतं.

एका माणसाचं वाटोळं केलं असं समजून मी पंधरा दिवस रात्री कूस बदलत होते, आणि इथं गल्लीच्या गल्ली माझं ऐकत होती. उद्याच जाऊ, मी म्हणाले. आक्का म्हणाली, जाऊ. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. रात्री जेवताना तिनं मला पिशोरला सुनेला फोन लावायला सांगितला आणि बायांना सकाळी बोलावून ठेवायचा निरोप दिला.

मी मण्यांचा डबा बरोबर घेतला. आता विचार करते तेव्हा कळतं की तो मी शिकवण्यासाठी घेतला नव्हता, मागं लपण्यासाठी घेतला होता.

ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. सहा बाया आल्या होत्या, ती पोटुशी सूनही आली होती, भिंतीला टेकून बसली होती. मी दोरा काढला, मणी काढले. ज्वारीच्या मण्यांची एक वाटी केली, डाळीच्या मण्यांची एक. एकीला म्हटलं, फक्त या वाटीतून माळ ओव. ती अडली. मग दोन्ही वाट्या दिल्या. माळ पुरी झाली. बाया पुढं सरकून बघत होत्या. बारावीच्या पोरांपेक्षा त्यांना लवकर कळलं, कारण वीस वर्षं ज्यांनी घरातली ताटं वाढली त्यांना काय कमी पडलं की काय अडतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. डाळ आजपासून सुरू करा, मी म्हणाले. त्या सुनेला म्हटलं, तू तर दोन्ही वेळा खा, आणि पायांची सूज डॉक्टरला दाखव. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटायला लागलं. इतक्या दिवसांनी मला वर्गातल्यासारखं बरं वाटलं.

तेवढ्यात सगळ्यांत म्हातारी होती ती बाई म्हणाली, "समदं पटलं बाई. पर मंग बंद कशापायी करायला लावली व्हती?"

प्रश्न सरळ होता आणि तिनं रागानं विचारला नव्हता. माझ्या हातात माळ होती. मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते मला माहीत होतं, आक्कापुढं मी ते बोलून दाखवलेलं होतं. पण ती एकटी आक्का होती, आणि इथं सहा बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तिनं दोन महिन्यांपुरतीच सांगितली व्हती," आक्का म्हणाली. ती चुलीपाशी होती, तिथूनच बोलली. "मीच पुढं ओढीत ऱ्हायले. माझं ध्यान कसं झालं व्हतं ते तुमी बघितलंच की. तुमाला बी मीच अर्धं ऐकवलं."

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, हिला तर नातीचं नाव आठवत नव्हतं, दोन महिने कुठून आठवायचे. दुसरी म्हणाली, आमची डाळ सोडवली अन् स्वतः बहिणीकडे जाऊन खिचडी खाऊन आली. आक्काही त्यांच्याबरोबर हसली. जो आजार मी तिला दिला, त्याच आजाराच्या आड तिनं मला उभं केलं, आणि त्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला.

मी तेव्हा गप्प राहिले असते तर एक वेळ चाललं असतं. मी गप्प राहिले नाही. मी मणी गोळा करत, वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "पथ्य किती दिवसांचं ते नीट विचारून घेत जा." सगळ्या बाया ‘व्हय व्हय’ म्हणाल्या. आक्काही म्हणाली.

त्या गेल्यावर आक्कानं आम्हाला जेवायला वाढलं. तुरीचं वरण, भाकरी, वर तूप. माझ्या ताटात तिनं वरणाची वाटी दोनदा भरली. तिच्या गळ्यात पोत परत आली होती, काळ्या पट्ट्याच्या जागी फिकट खूण उरली होती. मी भाकरी नुसतीच मोडत राहिले. तिनं विचारलं, खारट झालं का. मी नाही म्हणाले.

निघताना मी सुनेला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आक्काच्या फोनमधला माझा तो मेसेज काढून टाक, उगाच पुन्हा कुणी ऐकायला नको. तिनं पदराला हात पुसले. म्हणाली, "तो नाय आता. सकाळीच पुसायला लावला मला, बाया यायच्या आधी. म्हनल्या, कोनी आयकाया मागितला तर दोन महिने कुठं सापडायचे."

म्हणजे आक्कानं हे ओसरीवर ठरवलेलं नव्हतं. आदल्या दुपारी शेंगा फोडताना ती गप्प झाली होती, तेव्हाच ठरवलं होतं.

पाठवणाऱ्याच्या फोनवर मेसेज राहतो, हे तिला माहीत नसावं. माझ्या फोनवर तो आहे. मी तो पुन्हा पुन्हा लावते. दोन महिने हे शब्द कुठंतरी असतील, म्हणून नव्हे. नाहीत ते. ‘डाळी सगळ्या बंद’ म्हटल्यावर मी जराशी थांबलेय, आणि तिथं घास चावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्या दिवशी माझ्या डब्यात मटकीची उसळ होती.